संघरत्ना आणि खोटा रेणू

भिवंडीत कल्याण नाक्याजवळ माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. म्हणजे या शहराचा चेहरा विद्रूप करण्यात माझा वाटा मोठा आहे, हे आधीच कबूल करतो. तुमच्या खिडकीसमोर जो गॉगलवाला मोबाइल कानाला लावून उभा असतो आणि खाली 'कार्यसम्राट' असं लिहिलेलं असतं, तो मीच छापलेला. तो सम्राट माझ्याच बाकावर बसून दहावीत दोनदा गटांगळ्या खाऊन गेला. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळ्यांचे नमुने माझ्याकडे तयार असतात. फोटो बदलायचा, रंग भडक करायचा, की झालं. वीस वर्षं हे केल्यावर माणसाला माणसांची शिसारी येते. मला आली आहे. स्वतःचीही येते, पण ती दुपारी जेवल्यावर जरा कमी होते.

एवढ्या वर्षांत एकच बॅनर छापताना मला मनापासून आनंद झाला. तो संघरत्नाचा. त्या बॅनरने काय केलं ते सांगायला बसलोय, आणि सांगताना मला बरं वाटणार नाही.

संघरत्ना आमच्या आळीतली, माझ्याच वर्गातली. तिचे वडील वाल्मीककाका महापालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्ह फिरवायचे, आई जाईबाई लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या. दोघांच्या शिफ्ट वेगवेगळ्या. त्यामुळे शाळा सुटली की ही शेजारच्या राहीबाईकडे. राहीबाई शाळेत खिचडी शिजवायची. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. संघरत्नाची वेणी, संघरत्नाचा डबा, संघरत्नाचा ताप, सगळं तिनेच काढलं. 'संघू माजीच पोर हाय' असं ती जाईबाईंच्या तोंडावर म्हणायची आणि जाईबाई हसायच्या.

लहानपणापासून संघरत्ना जरा अवघडच. आठवीत सरांनी चुकून तिला दोन मार्क जास्त दिले, तर ही पेपर घेऊन सरांकडे परत गेली. ठीक आहे, गेली तर गेली. पण तिथे उभ्या उभ्या 'सर, राकेशला पण चार जास्त पडलेत' असंही सांगून आली. मी त्या विषयात नापास झालो. घरी मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं तर म्हणाली, "चारच होते ना? मग अभ्यास कर." तिला यात काही वावगं दिसेचना.

भिवंडीतून बीएस्सी, मग पुण्याला एमएस्सी, डॉक्टरेट. वाल्मीककाका गेले आणि जाईबाई एकट्या पडल्या म्हणून ती परत आली आणि वडप्याला नोकरीला लागली. वडप्याला काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे: शेतं होती तिथे आता नजर पोहोचेल तिथवर गोदामं. त्यातली सहा केसरीनाथशेठची. शेठचा मुलगा मितेश बाहेर शिकून आला आणि त्याने एका गोदामात एसी बसवून लॅब काढली. शेजारच्या गोदामात डायपर, पलीकडच्यात टीव्ही, मधल्यात कॅन्सरचं औषध. मी चेष्टा करायचो, संघरत्नाला हसू यायचं नाही.

रविवारी ती दुकानात यायची, फ्लेक्सच्या रोलवर बसायची आणि वाया गेलेल्या प्रिंटच्या पाठीवर षट्कोन काढत राहायची. एका षट्कोनाला शेपूट, दुसऱ्याला शिंग. एकदा मी विचारलं, हे नेमकं करतेस काय?

"कॅन्सरच्या पेशीत एक एन्झाइम असतं," ती म्हणाली. "पेशीला वाढ, वाढ म्हणून सारखं हाकत राहतं. त्या एन्झाइममध्ये एक खाच असते. त्या खाचेत बरोब्बर बसेल असा छोटा रेणू मला बनवायचाय. तो बसला की एन्झाइमचं काम बंद."

"आणि केमो?"

"आईच्या कारखान्यात एक लूम बिघडला तर तू काय करशील? अख्ख्या कारखान्याची लाइट घालवशील, की त्या एका लूमचा पट्टा उतरवशील? केमो म्हणजे लाइट घालवणं. लूम थांबतो, पण सगळंच थांबतं. आम्ही पट्टा कसा उतरवायचा ते बघतोय."

हे मला कळलं. तिने चार वर्षांत एकशे चाळीस रेणू बनवले. संगणकावर आकार बघायचा, काचेच्या भांड्यात बनवायचा, बाहेरच्या एका स्वस्तातल्या लॅबला तपासायला पाठवायचा, 'काही उपयोग नाही' असं उत्तर घ्यायचं आणि पुढचा बनवायला घ्यायचा. मी असतो तर पाचव्यालाच सगळं फेकून दिलं असतं. सत्त्याऐंशी नंबरच्या रेणूचं उत्तर मात्र वेगळं आलं. एन्झाइम थांबलं, अगदी ठप्प. त्या दिवशी पहिल्यांदा तिने माझ्याकडे स्वतःहून भजी मागवली.

दरम्यान राहीबाईला छातीत गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा केमो घ्यायच्या, गाठ लहान होईल, मग ऑपरेशन, असं ठरलं. एकदा संघरत्ना न्यायची, एकदा मी माझ्या ओम्नीतून. तीन केमो झाल्या. गाठ खरंच लहान झाली. पण राहीबाईचे केस गेले, तोंड आलं, आणि ओकाऱ्या इतक्या की परतीच्या वाटेवर मला गाडी चार चार वेळा बाजूला घ्यावी लागायची. ती रस्त्याकडेला बसून पोट रिकामं करायची आणि वर मलाच म्हणायची, "तुला तरास रं बाबा."

आता बॅनरचं. मितेशने कुठेतरी छोटीशी बातमी दिली: वडप्याच्या लॅबमध्ये कॅन्सरवर आशादायक रेणू. दुसऱ्या दिवशी केसरीनाथशेठचा फोन.

"राकेश, आपल्या गोदामातून कॅन्सरचं औषध निघालंय. पंचवीस बॅनर लाव, अंजूरफाट्यापासून. माझा फोटो वर, मितेशचा बाजूला, तुमच्या पोरीचा खाली. मजकूर तूच टाक, तुला समजतं."

मी टाकला. 'कॅन्सरवर मात! भिवंडीच्या कन्येने शोधले औषध!' संघरत्नाचा फोन नंबर मला तोंडपाठ आहे. एक फोन करून विचारता आलं असतं. केला नाही, कारण ती काय म्हणेल ते मला ठाऊक होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं. आमच्या आळीतलं नाव शेठ लोकांच्या बरोबरीने नाक्यावर झळकणार म्हणून माझी छाती फुगली होती. फुगलेल्या छातीने माणूस काय लिहील याचा नेम नाही.

सकाळी दुकान उघडतोय तोवर ती स्कूटर लावून उभी.

"उतरव."

"अगं, लोक कौतुक करतायत."

"कसलं कौतुक? काचेच्या नळीत एक एन्झाइम थांबलंय, राक्या. अजून उंदराला दिलेलं नाही, आणि तू माणसांना सांगतोयस औषध शोधलं म्हणून? उतरव म्हटलं ना!"

मी म्हणालो, ऑर्डर शेठची, मी कोण उतरवणारा, तू मितेशशी बोल. ती बोलली. मितेशने गोड हसून सांगितलं की दोन-तीन महिन्यांनी हैदराबादच्या मोठ्या कंपनीची माणसं लॅब बघायला येणार आहेत, तोवर राहू देत, वातावरण चांगलं दिसतं. वातावरण! मी ते बॅनर उन्हाने फिके पडले तेव्हा आणखी एकदा छापून दिले. हेही मीच केलं.

अडीच महिने गेले. संघरत्नाच्या लॅबमध्ये स्वतःचं तपासणीचं मशीन आलं आणि ती त्यात बुडाली. एका रविवारी दुकानात आली तेव्हा तोंड पार उतरलेलं. रोलवर बसली, पण पेन हातात घेतलं नाही.

"सत्त्याऐंशी खोटा आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मला महिनाभर खटकत होतं. मी त्याचं शेपूट कापलं, शिंग बदललं, तरी तो तेवढंच काम करत होता. खाचेत बसणारा रेणू असा वागत नाही. एक अणू इकडचा तिकडे झाला तरी फरक पडायला हवा. मग मी तो भलत्याच एका एन्झाइमवर टाकला. तेही थांबलं. शेवटी पाण्यात साबण टाकून बघितला."

"साबण?"

"लॅबमधला असतो, अगदी थेंबाचाही अंश. काही रेणू पाण्यात नीट विरघळत नाहीत, एकमेकांना धरून बारीक गुठळ्या करतात. एन्झाइम जाऊन त्या गुठळीला चिकटतं. आपल्याला वाटतं, औषध लागू पडलं. साबण टाकला की गुठळ्या सुटतात आणि एन्झाइम परत कामाला लागतं. माझं लागलं. बाहेरची लॅब साबण टाकतच नव्हती आणि मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही, टाकता का म्हणून. पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं हे. मी विचारलं नाही."

मितेशला सांगितलंस का, म्हणून विचारलं. सांगितलं होतं. तो म्हणाला होता की हैदराबादवाले पुढच्या रविवारी येतायत, त्याच दिवशी तुझा सत्कार आहे, साबणाचं नंतर बघू. मला अशी घाण वाटली की तोंडातला चहा कडू झाला. पण तिला धीर द्यायचा म्हणून मी म्हणालो, "जाऊ दे गं. एक चांगली बातमी ऐक. राहीमावशीच्या डोक्यावर केस यायला लागलेत. कालच बघितले, असे कोवळे, बोटाच्या पेराएवढे."

ती रोलवरून उठली.

"केमो चालू असताना केस येत नाहीत, राक्या. शेवटच्या वेळी तू तिला कधी नेलंस?"

"मी कुठे? मावशी म्हणाली, संघू नेते."

"मला म्हणाली, राकेश नेतो."

दुकानाला कुलूप न लावता आम्ही निघालो.

राहीबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला बघून तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. संघरत्ना तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने तो पदर मागे सारला. मऊ पांढुरके केस होते. तीन केमो बुडाल्या होत्या.

"का गं?" संघरत्नाचा आवाज फाटला.

"आता कशाला त्यो जहर घेऊ? तुजी गोळी येत्ये न? नाक्यावर लिवलंय, एवढाल्या अक्षरात. मी मानसाकडून वाचून घेतलं, दोनदा."

"गोळी नाही, मावशी. नव्हतीच. मी चुकले."

राहीबाई तांदूळ निवडत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "शेठच्या घरात लागली तर दिशील. मला न्हाय म्हंतेस."

हे ऐकून मला चीड आली ती राहीबाईची नव्हे. आयुष्यभर या बाईने असंच बघितलंय: चांगली वस्तू येते, ती वरच्या वर वाटली जाते, आणि खाली सांगतात की आलीच नाही. तिचा अनुभव चुकीचा नव्हता. संघरत्ना रडायला लागली, रडत रडतच तिने साबणाचं सगळं सांगितलं. मी तिला लहानपणापासून ओळखतो, रडताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"तुज्या साबनाचं मला न्हाय समजत," राहीबाई म्हणाली. "पन तुजं इतक्या लोकांत छापलेलं खोटं, तर डाक्टरचं तेवढं खरं कशावरून? त्याचा तर बॅनर पन न्हाय."

"त्याचं हजारो बायकांवर तपासलंय. माझं एकाही माणसावर नाही. मावशी, तुझी गाठ लहान झाली होती, तू स्वतःच्या हाताने बघितलीस."

"मंग तू त्या शेठसमोर बोल. सगळ्या लोकांसमोर बोल, न्हाय म्हून. तवा मानीन."

संघरत्नाने डोळे पुसले आणि "बोलते" म्हणाली. मी तिला म्हणालो की सोमवारी मावशीला नुसतंच घेऊन जाऊ, सत्काराचं राहू दे, नोकरी जाईल. राहीबाई म्हणाली, रविवार होईतो मी हलायची न्हाय. झालं. आणखी एक आठवडा गेला.

सत्कार वडप्याला रिकाम्या गोदामात. स्टेजमागे माझाच तीस फुटी फ्लेक्स. हैदराबादचे तिघं पहिल्या रांगेत, राहीबाई दुसऱ्या रांगेत, जाईबाईंच्या शेजारी. केसरीनाथशेठनी शाल घातली, नारळ दिला, पाऊण तास स्वतःबद्दल बोलले. कॅन्सरला ते दोनदा 'कॅन्सल' म्हणाले आणि लोकांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. मग संघरत्ना माइकसमोर आली.

"औषध सापडलेलं नाही," ती म्हणाली. "माझा रेणू खोटा निघाला. तपासणीत चूक होती, ती माझ्या लक्षात यायला हवी होती. या बॅनरवरचं सगळं खोटं आहे. कुणी यावर विश्वास ठेवून उपचार थांबवले असतील तर उद्या सकाळी परत हॉस्पिटलला जा. राहीमावशी, तुला सांगतेय."

मग केसरीनाथशेठनी माइक ओढला आणि म्हणाले, "बघा! याला म्हंत्यात नम्रपना! एवढं करून पोरगी काय म्हंते, मी काहीच नाय केलं!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्ट्या वाजल्या. माझ्या शेजारचा माणूस डोळे पुसत होता. मला त्या क्षणी त्या प्रत्येक टाळी वाजवणाऱ्या हाताची किळस आली, शेठच्या दातांची आली, शालीची आली. तिथे बसलेल्या तीनशे माणसांत तिचं बोलणं फक्त चार जणांनी ऐकलं: हैदराबादच्या तिघांनी, ज्यांनी मुकाट्याने पेनं खिशात ठेवली, आणि राहीबाईने. ती उठली, खुर्च्यांमधून वाट काढत स्टेजपाशी गेली आणि संघरत्नाच्या हातातला नारळ आपल्या पिशवीत टाकून म्हणाली, "चल. कवा नेतेस?"

सोमवारी सकाळी लॅबच्या गेटवर संघरत्नाचं कार्ड बंद केलं गेलं होतं, असं तिला कुणीतरी फोनवर सांगितलं. ती तेव्हा माझ्या ओम्नीत मागच्या सीटवर राहीबाईचा हात धरून बसली होती. "हं," एवढंच म्हणाली.

हॉस्पिटलात दुपारी नंबर लागला. डॉक्टर तरुण मुलगी होती, डोळ्यांखाली काळं. तिने राहीबाईला पडद्याआड तपासलं आणि बराच वेळ हात धूत राहिली. गाठ पुन्हा वाढली होती, आधीपेक्षा मोठी. आता काखेतही लागत होती. ठरलेलं ऑपरेशन आता नाही. दुसरी औषधं सुरू करायची, पहिल्यापेक्षा कडक, आणि बघायचं.

"मधले इतके आठवडे कुठे होतात, आजी?" तिने विचारलं.

राहीबाईने संघरत्नाकडे एकदा बघितलं. "अकलोलीला व्हते, बहिनीकडं. गरम पान्याच्या कुंडात बसलं का बरं वाटायचं. म्हून राहिले."

डॉक्टरच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. गिऱ्हाइकांकडे बघताना माझ्या चेहऱ्यावर तेच असतं. अडाणी म्हातारी, गाठ वाढतेय आणि ही कुंडात बसतेय.

"खोटं सांगतेय ती," संघरत्ना म्हणाली. "ती कुठेही गेली नव्हती. औषध शोधलं म्हणून माझ्या नावाने बातमी पसरली होती, त्यावर थांबली. मी स्वतः केमिस्ट आहे. चूक माझी आहे, तिची नाही. तसंच लिहा."

"येडी हाय ती," राहीबाई घाईघाईने म्हणाली. "पोरीचं नाव नका लिवू. कुंडात व्हते मी."

दोघी एकमेकींची चूक आपल्या अंगावर ओढत होत्या आणि मी भिंतीला टेकून फाइलची पिशवी धरून उभा होतो. तो मजकूर मी लिहिला, एवढंच बोलायचं होतं. मी पिशवीचे बंद सारखे करत राहिलो. डॉक्टरने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही कोण यांचे?"

"शेजारी," मी म्हणालो. "गाडी घेऊन आलोय."

"मग बाहेर थांबा."

मी बाहेर आलो आणि बाकावर बसलो. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.